रोज पहिल्या चित्रापासून

सरांच्या घरातला पंखा एक अख्खा उन्हाळा बंद होता, आणि तो बिघडलेला नव्हता. वायर जोडून बटण दाबलं असतं तर फिरला असता. एप्रिलच्या सुरुवातीला तो एकदा मध्येच थांबला होता आणि दहा मिनिटांनी कुणी हात न लावता परत फिरू लागला होता. सरांनी लगेच स्टूल घेऊन त्याची वायर सोडवली. तो का थांबला हे कळत नाही तोवर सुरू करायचा नाही. फ्रीगंजमधलं वरच्या मजल्यावरचं घर आणि उज्जैनचा मे महिना. सर आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, दोघंही ओले टॉवेल खांद्यावर टाकून बसत. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "जे आपोआप सुरू होतं ते आपोआप बंद पडतं. मधल्या काळात आपण फक्त त्याच्याखाली बसलेले असतो."

हे मी हसवण्यासाठी सांगत नाही. कॉलेजात सगळे ही गोष्ट सांगून हसत, मीही हसले आहे. पण सर कसे होते हे लिहायला बसलं की आधी तो पंखा आठवतो, आणि त्याच्यापुढचं सांगणं मला अवघड जातं. मला नीट सांगता येईल की नाही, हेही माहीत नाही.

सर आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते. वर्गावर जाऊन शिकवायचा मान त्यांना नव्हता, पण एखादं उपकरण रुसलं की प्रोफेसर मंडळी त्यांच्याच टेबलाशी येऊन उभी राहत. त्यांचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या दप्तरात कारकून म्हणून माळव्यात आले होते. सर म्हणत, आमच्या घराण्यात तलवार कुणी उचलली नाही, सगळ्यांनी जन्मभर कागदांच्या नकला केल्या.

मुलामुलींना ते रोल नंबरनं हाक मारत, पण अहो-जाहो करून. "अहो सत्तेचाळीस, आपण जरा इकडे या." सत्तेचाळीस म्हणजे मी. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "जेलमध्ये पण नंबरच असतो बेटा. पण तिथे कुणी अहो नाही म्हणत."

इथली मराठी माणसं अर्धं वाक्य हिंदीत टाकतात. आमच्या घरी तर कुठली भाषा कुठे संपते ते कुणाला सांगता यायचं नाही. सर मात्र मराठी माणसाशी स्वच्छ मराठीत बोलत. हिंदी त्यांनी यंत्रांसाठी राखून ठेवली होती, आणि यंत्रांना ते अरे-तुरे करत. "चल बेटा, बता, कहाँ दुखता है?" असं काचेवर वाकून गॅल्व्हानोमीटरला विचारत. विचारताना चेहऱ्यावर अशी काळजी असे की हसणारी मुलं गप्प होत.

पहिल्या वर्षी मी दोलकाचा प्रयोग केला. म्हणजे केला नाही; एका सीनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवले. सगळेच तसं करत. माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. सरांनी जर्नल बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सत्तेचाळीस, या दोलकाला मी वीस वर्षं ओळखतो. त्यानं आजवर कुणालाही इतकं बरोबर उत्तर दिलेलं नाही."

मी रडायच्या बेतात होते. सर रागावले नाहीत. त्यांनी मला थांबवून घेतलं, शेजारी बसून माझ्याबरोबर झोके मोजले. या वेळी उत्तर चुकलं. त्यांनी त्यावर सही केली आणि खाली एक ओळ मोकळी ठेवून म्हणाले, इथे ते का चुकलं ते लिहा. "उत्तर चुकलं तर चालेल. कारण हुकलं तर चालणार नाही. आधी कारण, मग काम."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. शिकणं म्हणजे नक्की काय करायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, हेच ते. शिकलेली माणसं असा विचार करतात, आणि आपणही असाच करायचा.

दुसऱ्या वर्षी सरांनी माझी नखं पाहिली. नखांच्या कडा कायम काळ्या असत आणि मी हात मागे लपवत असे. सरांनी विचारलं, हा काळा रंग कशाचा? मी म्हटलं, आम्ही भैरवगढचे, कापडाचे छपाईवाले. लोखंडाचा गंज आणि गूळ पाण्यात बरेच दिवस मुरवून तो रंग होतो. सर म्हणाले, गंज आणि गूळ? पुढच्या रविवारी ते आमच्या दारात मोपेड लावून उभे होते.

रंगाचा माठ पाहायला आले आणि ठप्पे पाहून बसले. छपाईचे लाकडी ठप्पे, सागवानाचे, काही माझ्या खापरपणज्याच्या हातचे. त्या वर्षांत भैरवगढमध्ये स्क्रीन प्रिंटिंग शिरलं होतं. एका दिवसात जेवढं कापड हातानं व्हायचं तेवढं तासाभरात व्हायला लागलं. बाबा दुसऱ्याच्या कारखान्यात स्क्रीन ओढायला जात होते. ठप्पे गोणपाटात बांधून पडले होते आणि त्यांना वाळवी लागत होती. दिल्लीचा एक व्यापारी घरोघर फिरत होता. तिकडे नवी हॉटेलं निघत होती म्हणे, आणि त्यांच्या भिंतींवर जुने ठप्पे लावायची टूम होती.

सरांनी ठरवलं की प्रत्येक ठप्प्याची नोंद करायची. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला होता. मोपेडच्या मागे पोतं बांधून ते ठप्पे फ्रीगंजला नेत, स्कॅनरच्या काचेवर पालथे ठेवत, शेजारी स्टीलची पट्टी, म्हणजे माप चुकायला नको; आणि पुढच्या रविवारी सगळे परत आणून देत. बाबांनी सुचवलं होतं की आम्ही कागदावर छाप काढून देतो, ते सोपं पडेल. सरांना ते पटलं नाही. छाप म्हणजे ठप्प्याबद्दल शाईनं दिलेली साक्ष. त्यांना साक्षीदार नको होता, ठप्पाच हवा होता. दीड वर्षात सात घरांचे आठशे त्रेसष्ट ठप्पे झाले. त्यातला बराच काळ मी त्यांच्याकडे मदतीला जात होते. चित्रं मोठी, कॉम्प्युटरच्या पोटात मावत नसत, म्हणून ती बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर ठेवलेली होती. जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी, कॉम्प्युटरला केबलनं जोडायची.

नोंद झाली की घरं ठप्पे त्या व्यापाऱ्याला देऊन टाकत. सगळ्यांत शेवटी बाबा. आमचे तेवीस होते. ते पोतं दारात बांधून ठेवलेलं होतं आणि बाबा त्याच्यावर हात ठेवून बसले होते. तेव्हा सर म्हणाले, "लाकूड जाऊ द्या. नक्षी माझ्याकडे आहे, मिलिमीटरसकट. उद्या कोरणारा मिळाला तर तोच ठप्पा परत उभा करून देईन. हा माझा शब्द."

बाबांनी व्यापाऱ्याला पोतं दिलं. मग काही दिवसांनी माझ्याकडे निरोप दिला की सरांना म्हणावं, एक नक्कल आमच्याकडे पण असू द्या, भैरवगढमध्ये. सरांना हे फार आवडलं. घराण्याचं कामच आहे, म्हणाले. त्यांनी दुसरी, नवी डिस्क आणली. जुन्या पेटीतली चित्रं नव्या पेटीत उतरवायची आणि ती बाबांच्या हातात द्यायची, एवढंच काम होतं.

मी वर्षअखेरची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी पाचला परत. दोन्ही पेट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सरांनी काम सुरू केलं. त्यांच्या हिशेबानं मिनिटाला दोन चित्रं जायला हवी होती. पाचपर्यंत अडीचशेसुद्धा झाली नाहीत.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, उरलेली उद्या. सर म्हणाले, "का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबल बदलली. पण त्याआधी नवी डिस्क पूर्ण पुसली. कालच्या आणि आजच्या वेगाची तुलना करायची तर सुरुवात सारखी हवी, हे मलाही तेव्हा बरोबरच वाटलं. लॅबमध्ये आम्ही हेच शिकलो होतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं. पुसायचं बटण मी दाबलं. मग पहिल्या चित्रापासून पुन्हा.

तिसऱ्या दिवशी केबल मागच्या बाजूला जोडली. चौथ्या दिवशी फ्रीगंजमधल्या दुकानातून नव्या जातीचं वेगवान कार्ड आणून बसवलं, आणि त्या दिवशी आम्ही चारशे बारापर्यंत गेलो. सर खूश होते. म्हणाले, थोडा उपयोग झाला, पण जेवढा व्हायला हवा तेवढा नाही. म्हणजे खरं कारण अजून दुसरंच आहे. पाचव्या दिवशी सकाळी ती चारशे बारा चित्रं मी पुसली.

माझ्याकडे नोंदवहीचं काम होतं. घड्याळ बघून दर दहा मिनिटांनी कितवं चित्र चाललंय ते लिहायचं. लिहिता लिहिता मला एक गोष्ट दिसायला लागली. वेग सगळीकडे सारखा कमी नव्हता. पंधरा-वीस चित्रं झटझट जात, मग एखादं चार मिनिटं, सहा मिनिटं अडून बसे. त्या वेळी जुन्या पेटीतून पाल चुकचुकावी तसा आवाज येई. मग ते चित्र जाई आणि पुढची परत झटझट. रोज अडणारी चित्रं वाढत होती. मी वहीच्या कडेला पेन्सिलीनं 'आवाज' असं लिहून ठेवलं. सरांनी ते वाचलं. स्टीलचा पेला पेटीवर पालथा ठेवून त्याला कान लावला. "कहाँ दुखता है, बेटा?" मग त्यांनी ठरवलं की वीज कमी पडत असावी, आणि दोन्ही पेट्यांचे अडॅप्टर बदलून पाहायचा प्रयोग दुसऱ्या दिवसासाठी लिहिला. मी बटण दाबलं. पहिल्यापासून.

अक्का दुपारी ताक घेऊन येत. सरांचं लग्न का झालं नाही याचं कारण तेवढं यानं शोधलं नाही, असं त्या माझ्यादेखत म्हणत आणि सर मान खाली घालून ताक पीत. सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी विचारलं की एवढं काय चाललंय. मी समजावून सांगितलं. त्या वर्षी उज्जैनमध्ये पाण्याची टंचाई होती. नळ एक दिवसाआड येई आणि तोही करंगळीएवढा. अक्का ऐकून भावाला म्हणाल्या, "म्हणजे काल भरलेली बादली आज ओतून दिलीस, आणि नळ बारीक का येतो म्हणून वाकून बघतोयस? अरे, बारीक तर बारीक, धार येतेय तोवर बादली लाव. नळाचं मग बघ."

सर हसले. "अक्का, हे पाणी नाही."

अक्कांचं बरोबर आहे हे मला त्या क्षणी कळलं. नंतर कळलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धीर करून म्हटलं, "सर, आज पुसायलाच हवं का? जेवढं आलंय तेवढं राहू दिलं आणि पुढचं घेतलं तर..."

"सत्तेचाळीस, कालचं ठेवून आजचं मोजलं, तर कशामुळे काय झालं हे कळणार कसं?"

ते रागानं बोलले नाहीत. खरोखर विचारत होते. मला उत्तर येत होतं. कळायला कशाला हवं, असं ते उत्तर होतं. पण ज्या माणसानं मला का विचारायला शिकवलं त्याला असं म्हणायची माझी जीभ रेटेना. मला वाटलं, आपल्याला अर्धवट समजतं म्हणून आपण असा विचार करतो; शिकलेला माणूस असा करत नसेल. मी बटण दाबलं.

दहाव्या दिवशी तासाला जेमतेम वीस चित्रं जात होती. मी नंतर हिशेब केला. त्याच मंद चालीनंही, न पुसता, अकरा दिवस काम नुसतं चालू ठेवलं असतं तरी सगळी चित्रं आली असती, आमची तेवीस धरून. पहिल्याच दिवशी न पुसता पुढे गेलो असतो तर चार दिवसांत झालं असतं.

अकराव्या दिवशी छप्पन्न चित्रं झाल्यावर सरांनी प्रयोग मध्येच थांबवला. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की डिस्कवर फायली विस्कळीत पसरलेल्या असल्या की वेग कमी होतो. त्या उचलून ओळीनं लावायचा एक प्रोग्रॅम असतो. त्यांनी तो जुन्या डिस्कवर सुरू केला. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकू लागले. चुकचुकणं वाढलं, मग सलग झालं, मग खरवडल्यासारखा आवाज आला. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तो थांबला. पडद्यावरून जुनी डिस्क दिसेनाशी झाली.

सर म्हणाले, "बेटा." थोड्या वेळानं परत म्हणाले, "बेटा." त्यांनी केबल काढली, परत लावली. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

फ्रीगंजमधला दुकानवाला भला माणूस होता. त्यानं दोन दिवस पेटी ठेवून घेतली, कुणाकुणाला फोन केले. मग आम्हाला बसवून सांगितलं. आतली तबकडी आधीपासून खराब होत चालली होती. एखादा भाग वाचता आला नाही की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायची, म्हणून वेळ लागायचा. "धीमी नहीं थी सर, बीमार थी. जितना दे रही थी, ले लेना था." मग त्याला वाटलं आपण फार बोललो, म्हणून त्यानं चहा मागवला. नव्या डिस्कवरचं पुसलेलं परत मिळतं का, तेही त्यानं करून पाहिलं. थोडं मिळालं. बरीचशी रोजची तीच पहिली चित्रं, एकमेकांवर बसलेली. पुढची काही अर्धी. वरच्या बाजूला वेल आणि खालचा सगळा भाग करडा. आमच्या घरच्या चित्रांपर्यंत कुठल्याच दिवशी काम पोचलं नव्हतं. ती शेवटची होती.

घरी येऊन सरांनी वही उघडली आणि त्या दिवसाखाली दुकानवाल्यानं सांगितलेलं सगळं नीट लिहिलं. अक्कांनी विचारलं, "कळलं का कारण?"

"कळलं," सर म्हणाले.

बाबांना मी सांगते, असं मी सरांना म्हटलं होतं, पण सर स्वतः आले. मोपेड न घेता, सवारीच्या टेम्पोनं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, कुठल्या दिवशी काय बदललं आणि काय पुसलं, एकही दिवस न गाळता. माझ्या हातानं पुसलं हे मात्र गाळलं. बाबांना त्यातलं निम्मं समजलं नसेल. त्यांनी एवढंच विचारलं, आमचे नंबर कुठले होते?

"आठशे एक्केचाळीस ते आठशे त्रेसष्ट."

"आणि शिल्लक किती आहेत?"

"पहिले छप्पन्न. आणि चारशेपर्यंत काही अर्धेमुर्धे."

बाबांनी आतून तांब्या भरून आणला. म्हणाले, "पाणी प्या, सर. उन्हातून आलात."

जुनं कापड शोधलं. लोकांना वाटतं छपाईवाल्याच्या घरात छापलेल्या कपड्यांचे ढीग असतील. तसं नसतं, छापलेलं बाजारात जातं. एका नातेवाइकाकडे रजईची खोळ निघाली, तिच्यावर आमच्या तेवीसपैकी दोन होते, धुऊन धुऊन फिकटलेले. दिल्लीच्या व्यापाऱ्याला पत्र घातलं, ते परत आलं.

मग सर दर रविवारी येऊ लागले. प्रत्येक ठप्प्याची लांबी-रुंदी त्यांनी वेगळ्या वहीत टिपलेली होती, ती शाबूत होती. त्यावरून त्यांनी तेवीस कागदांवर पेन्सिलीनं तेवीस चौकटी आखल्या, मिलिमीटर बरोबर, प्रत्येकीच्या वर नंबर. आतून कोऱ्या. बाबांच्या हातात पेन्सिल देऊन ते समोर बसत आणि म्हणत, सावकाश आठवा.

बाबांना आठवत नसे. तीस वर्षं ते ठप्पे त्यांच्या मुठीत होते. अंधारातही त्यांना कुठला कुठे ठेवायचा, कोपऱ्यावर किती फिरवायचा, कुठे दाब द्यायचा ते माहीत होतं. पण हातात धरलेल्या ठप्प्याची दिसते ती पाठ. तोंड कापडाकडे असतं. "पाठ विचारा सर," बाबा म्हणाले, "कुठल्या मुठीला कुठे चीर होती ते सगळं सांगतो." पहिल्या दोन रविवारी रजईवरचे दोन सोडून एकही कागद भरला नाही. चार वाजले की सर कागद उचलून फाइलीत ठेवत आणि टेम्पोकडे चालू लागत. ते त्या दोन महिन्यांत फार वाळले. यंत्रांशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं, असं अक्कांनी मला सांगितलं.

तिसऱ्या रविवारी बाबांनी एक कैरीची वेल काढली. सर पुढे वाकले. मग एक जाळी, मग आठ पाकळ्यांचं फूल. पुढच्या रविवारी तीन. बाबा थांबत, डोळे मिटत, मग काढत. सर वहीत त्या त्या नंबरसमोर तारीख लिहीत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेवटची चौकट भरली. सरांनी सगळे कागद वहीत चिकटवले, वही बंद केली आणि माझ्या बाबांना हात जोडून नमस्कार केला. वयानं ते बाबांपेक्षा मोठे होते. म्हणाले, "आपण होतात म्हणून."

त्यांना टेम्पोत बसवून आम्ही दोघं परत निघालो. अर्ध्या रस्त्यात बाबा म्हणाले, "एक पण खरा नाही बेटा."

मी थांबले.

"ते रजईचे दोन सोड. बाकी सगळे मी बनवले. काही शेजारच्यांचे पाहिलेले, काही असेच. तो माणूस समोर बसायचा ना, कोरा कागद घेऊन. किती दिवस बसवणार त्याला?"

मी विचारलं, सरांना सांगायचं का?

"तू बघ," बाबा म्हणाले. "तू शिकलेली आहेस."

मी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी नाही, पुढच्या वर्षी रिझल्टच्या दिवशी पेढे घेऊन गेले तेव्हा नाही. सर रिटायर होऊन नानाखेड्याला राहायला गेले तेव्हा त्यांनी ती वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, ही भैरवगढमध्येच राहू द्या. तेव्हाही नाही. सरांना काही कळलं होतं का, हे मला माहीत नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

आता सर नाहीत, बाबाही नाहीत. त्यातले एकवीस कागद कसे झाले हे जाणणारी मी एकटी आहे. गेल्या महिन्यात ठप्पे कोरणारा एक कारागीर घरी आला. त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं की आमच्याकडे जुन्या घराण्याच्या नक्षीची वही आहे, अगदी मापासकट. जुनं पुन्हा चालतंय म्हणाला, लोक विचारत येतात. पहिला ठप्पा तो बाबांच्या नावानं कोरणार होता.

मी त्याला म्हटलं, शोधून ठेवते, पुढच्या आठवड्यात या. तो तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी मी वही कपाटातून काढते, टेबलावर ठेवते आणि दार उघडायला जाते, आणि मग त्याला पुढचा आठवडा सांगते.